नावाची बाग आणि एक रिकामी रात्र

बॉस्टन शहरात एक बाग होती, आणि तिच्यात झाड म्हणून नव्हते. ‘बॉस्टन गार्डन’ हे एका प्रचंड बंदिस्त क्रीडागृहाचे नाव. १९२८च्या नोव्हेंबरात नॉर्थ स्टेशन या रेल्वे स्थानकाच्या डोक्यावर ते उभे राहिले, १९९५ साली बंद झाले आणि १९९८ साली जमीनदोस्त झाले. तिथला प्रेक्षक आजही त्याचे नाव निघताच गहिवरतो. पण वास्तूची पारख करणाऱ्याने गहिवर घटकाभर बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे.

ही वास्तू उभारणारा टेक्स रिकार्ड मुष्टियुद्धाचे सामने भरवणारा गृहस्थ. खेळाडूच्या कपाळावरचा घाम प्रेक्षकाला दिसावा, हा त्याचा हिशोब. म्हणून सज्जे पुढे झुकलेले, खुर्च्या मैदानाला भिडलेल्या. बर्फावरच्या हॉकीचे मैदान एरवी २०० फूट लांब. इथे ते १९१ फुटांतच आटोपलेले. दोष म्हणाल तर पुष्कळ. कित्येक खुर्च्या खांबांआड. वातानुकूलनाचा पत्ता नाही. १९८४च्या जूनमधल्या बास्केटबॉलच्या एका अंतिम सामन्यात आतला उष्मा ९७ अंश फॅरनहाइटवर गेला होता. तरी प्रेक्षकांची आरोळी तिथे छप्पर फोडी म्हणून स्तुतिपाठक तिला थोर ठरवतात. जवळिकीने माणसे एक होतात, हा त्यांचा सिद्धान्त.

हा सिद्धान्त मला पटत नाही. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत सेल्टिक्स संघाने याच जमिनीवर खेळून अकरा अजिंक्यपदे मिळवली. संघाचा कणा होता बिल रसेल, कृष्णवर्णीय खेळाडू आणि १९६६पासून त्या संघाचा प्रशिक्षकही. असे असून त्या वर्षांत कितीतरी खुर्च्या रिकाम्या राहत, आणि हॉकीला मात्र गर्दी लोटे. रसेलला त्या शहरात वर्णद्वेषाचे चटके सोसावे लागले. घाम दिसण्याइतके जवळ बसूनही माणूस दिसत नाही, तो असा.

मग या वास्तूची थोरवी कशात? माझ्या मते ५ एप्रिल १९६८च्या रात्रीत. आदल्या दिवशी मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. किंग यांनी डॉक्टरेट मिळवली ती बॉस्टनमध्येच. अमेरिकेत शहरामागून शहर पेटत होते, आणि नेमका त्याच रात्री गार्डनमध्ये जेम्स ब्राऊन या लोकप्रिय कृष्णवर्णीय गायकाचा जलसा ठरलेला. जलसा रद्द करण्याकडे कारभाऱ्यांचा कल होता. दारावर येऊन थडकलेली तरुण मंडळी परतताना काय करतील, असा प्रश्न नगरसेवक टॉम अॅटकिन्स यांनी विचारला. अखेर महापौर केव्हिन व्हाइट यांनी पैशांची हमी घेतली आणि जलसा दूरचित्रवाणीवरून घरोघर दाखवावा असे ठरले.

चौदा हजारांच्या त्या प्रेक्षागारात जेमतेम दोन हजार माणसे आली. बाकीचे शहर घरी बसून ऐकत होते. शेवटी काही पोरे रंगमंचावर चढली, पोलीस त्यांना ढकलू लागले. ब्राऊनने पोलिसांना मागे सारले, पोरांना समजावून खाली उतरवले आणि गाणे पुरे केले. इतर अनेक शहरांच्या मानाने बॉस्टन त्या रात्री शांत राहिले.

जी वास्तू गर्दीसाठी बांधली, तिची सर्वांत मोठी कामगिरी ती जवळजवळ रिकामी असताना घडली! श्रेय भिंतींचे नव्हे. दार बंद न करण्याचा निर्णय घेणाऱ्या माणसांचे आणि एका गवयाच्या धीराचे आहे.

जुन्या वास्तूच्या जागेला खेटून नवे, थंडगार क्रीडागृह उभे आहे. त्यात तो जुना कल्लोळ नाही म्हणून हळहळणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: कल्लोळ कुठेही होतो. कठीण रात्री दार उघडे ठेवण्याची हिंमत नव्या घराच्या कारभाऱ्यांत आहे की नाही, ते आधी पाहावे.