‘अजस्र’ : अर्थांतर आणि उपयोजन

प्रस्तावना
‘अजस्र’ या विशेषणाच्या मराठी वापरावर दोन आक्षेप घेतले जातात. ‘प्रचंड मोठा’ हा अर्थ मूळ शब्दात नाही, हा पहिला. आणि ‘अजस्त्र’ हे लेखन अशुद्ध आहे, हा दुसरा. उत्तरपत्रिका तपासताना दोन्हींना एकाच लाल रेघेखाली आणणे मात्र न्याय्य नाही.

व्युत्पत्ती व लेखन
पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त (३.२.१६७) नम्र, हिंस्र या शब्दांबरोबरच ‘अजस्र’ची सिद्धी ‘र’ प्रत्ययाने सांगितली आहे. न थांबणारा, अखंड हा त्याचा मूळ अर्थ होय. भगवद्गीतेत (१६.१९) तो ‘सतत’ याच अर्थी येतो. वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोशही हाच अर्थ देतो. ‘स’नंतर ‘र’ उच्चारताना मध्ये ‘त’ डोकावतो आणि ‘शास्त्र’, ‘वस्त्र’ यांच्या साम्यामुळे तो लेखनात स्थिरावतो. ‘सहस्त्र’, ‘स्त्रोत’, ‘हिंस्त्र’ ही त्याचीच भावंडे. या ‘त’ला व्युत्पत्तीचा आधार नाही, येथे दुरुस्ती उचितच आहे.

अर्थांतर
अर्थाची गोष्ट निराळी. काळातील अखंडता मराठीत आकाराच्या अमर्यादतेकडे वळली. मात्र मूळ छटा पुरती पुसली गेलेली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात शिरलेल्या लोंढ्याला ‘अजस्र’ म्हटले, तर प्रवाहाचे न थांबणे आणि त्याची विशालता हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

उपयोजन
‘प्रचंड’ हे तीव्रतेचेही विशेषण आहे. म्हणून ऊन, राग, गर्दी यांना ते चालते. ‘अजस्र ऊन’ कोणी म्हणत नाही. ‘भव्य’मध्ये गौरव आहे, तर ‘अवाढव्य’मध्ये प्रमाण सुटल्याची तक्रार. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा भव्य, आवाक्याबाहेरचा खर्च अवाढव्य. पण नजर जेथे पुरत नाही तो कडा किंवा ती लाट अजस्र. ‘अजस्र’मध्ये गौरवापेक्षा दडपण अधिक आहे.

निष्कर्ष
रूढीने स्थिरावलेला अर्थ व्युत्पत्तीच्या बळावर नाकारता येत नाही. अन्यथा ‘हिंसक, उग्र’ या अर्थाकडून आलेल्या ‘प्रचंड’लाही ‘प्रचंड यश’ या प्रयोगातून हद्दपार करावे लागेल. खरा तोटा वेगळाच आहे. प्रत्येक मोठ्या वस्तूला ‘प्रचंड’ म्हणण्याच्या सवयीने ही छटाभिन्न विशेषणे निकामी होत आहेत. वर्गात ‘त’ खोडण्याबरोबरच हा भेदही शिकवला जाणे आवश्यक आहे.