जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेतील उपमा : एक व्याकरणिक विचार

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेवर उपमांच्या अतिरेकाचा आक्षेप वारंवार घेतला जातो. आक्षेपाचा भर उपमांच्या संख्येवर असतो. त्या वाक्यात कोठे जोडल्या जातात, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

मराठीतील साधर्म्यवाचक शब्द परस्परांचे पर्याय समजले जातात. वस्तुतः तसे नाही. ‘ती दगडासारखी बसली’ आणि ‘ती दगडाप्रमाणे बसली’ ही वाक्ये घ्यावीत. ‘सारखी’ हे रूप कर्त्याच्या लिंगवचनानुसार बदलते. म्हणजे दगडपण बसणाऱ्या स्त्रीच्याच ठिकाणी आरोपित होते. ‘प्रमाणे’ अविकारी असल्यामुळे तुलना बसण्याच्या रीतीशी निगडित राहू शकते. ‘जणू’ची व्याप्ती तर संपूर्ण विधानावर असते, आलंकारिकांनी ते उत्प्रेक्षेचे वाचक मानले, ते अकारण नव्हे. (शालेय पुस्तकांत ‘सारखा’ आणि ‘प्रमाणे’ एकाच यादीत सुखाने नांदतात, ही गोष्ट वेगळी.)

‘निळासावळा’ (१९५९) ते ‘रक्तचंदन’ (१९६६) या संग्रहांतील उपमा या दृष्टीने पाहाव्यात. त्यांचे कार्य केवळ वर्णनाला शोभा आणण्याचे नाही. त्या माणसाला प्राणी, वनस्पती, जीर्ण वस्तू यांच्या पंक्तीस बसवितात. जेथे मानवी इच्छेला नियतीपुढे किंमत उरत नाही, त्या कथाविश्वात माणसाचे असे वस्तूत रूपांतर करणारी उपमा हा आशयाचाच भाग ठरतो. तथापि किरकोळ हालचालीमागेही उपमांची रांग लागते तेव्हा वाचकाची दृष्टी पात्रावरून निसटून निवेदकाच्या कल्पकतेवर स्थिरावते. तेथे आक्षेप मान्य करावाच लागतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’ (१९४९) मध्ये हा धोका संभवत नाही. तेथील निवेदन मितभाषी आहे आणि साम्य शोधायचे तर ते त्या माणसांच्या शेताशिवारातूनच येते.

‘पिंगळावेळ’ (१९७७) मधील ‘स्वामी’ ही कथा या संदर्भात विशेष लक्षणीय होय. मठाच्या भूगर्भातील खोलीत कोंडला गेलेला माणूस एक वेल वाढवितो आणि ती हवेच्या वाटेने वर, उजेडाकडे जाते. येथे वेल कशासारखी आहे, हे महत्त्वाचे उरत नाही. उपमेयही तीच, उपमानही तीच. साधर्म्यवाचक शब्दाला जागाच राहिलेली नाही. जी. एं.च्या लेखनातून उपमा नाहीशी झाली असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु कथेचा सारा भार पेलणारी प्रतिमा ‘सारखा’च्या आधाराविना उभी राहते, हे ‘स्वामी’त स्पष्ट दिसते.