परिचारिकेचे चरित्र : ‘सेवा’ या शब्दाआड

मराठी ख्रिस्ती साहित्यातील आत्मचरित्रांची आणि धर्मांतरकथांची चिकित्सा बरीच झाली आहे. लहान गावातील मिशन रुग्णालयात आयुष्य वेचलेल्या परिचारिकेचा चरित्रलेख मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला. मंडळीच्या स्मरणिकांतून भेटणाऱ्या या लेखनप्रकाराचा साचा ठरलेला असतो. बाप्तिस्मा, प्रशिक्षण, रुग्णालयातील वर्षे, उपासनेतील नियमितपणा आणि अखेर प्रभूच्या ठायी विसावा, असा त्याचा क्रम. ‘निःस्वार्थ सेवा’ हे शब्द त्यात इतक्या वेळा येतात की ती स्त्री त्यांच्याआड जाते.

या लोपाची किंमत मोठी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय उभारले. पुढे तेथे आणि अन्य मिशन केंद्रांत एतद्देशीय मुलींना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. रक्त, मलमूत्र व बाळंतपण यांचा विटाळ मानणाऱ्या समाजात सवर्ण घरांनी हा व्यवसाय दीर्घकाळ टाळला. त्यामुळे प्रारंभीच्या पिढ्यांत ख्रिस्ती स्त्रियांचे प्रमाण मोठे राहिले. कौशल्य, स्वतःचा पगार आणि रात्रपाळीसाठी घराबाहेर पडण्याची मुभा हे त्यांच्या आयुष्यातील क्रांतिकारक विशेष होत. चरित्रलेखात पगार डोकावतो तो बहुधा मंडळीला दिलेल्या दशांशाच्या निमित्ताने. पाळीमुळे रविवारची उपासना चुकली, तर ते चुकणे नोंदलेच जात नाही. वस्तुतः भक्ती आणि कर्तव्य यांतील ताण तेथेच आहे. लूकच्या शुभवर्तमानात मार्था राबते आणि मरिया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते. परिचारिकेला एकाच दिवसात या दोघींचे आयुष्य जगावे लागते.

हा ताण मराठीला पेलणारा नाही, असे म्हणता येत नाही. लक्ष्मीबाई टिळक व्यवसायाने परिचारिका नव्हत्या. तरीही १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषेचे अनुभव आहेत. सोवळ्याओवळ्याचे संस्कार हळूहळू गळून पडण्याची कथाही त्याच ग्रंथात आहे. लक्ष्मीबाई श्रद्धेला विशेषणे लावीत नाहीत. भीती, चुका आणि विनोद यांच्यासह प्रसंग सांगतात, आणि श्रद्धा त्यातूनच जाणवते.

चरित्रलेखकांना आधार हवा असेल, तर तो पवित्र शास्त्रातच आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्याच्या स्वभावाचे वर्णन जवळजवळ नाही. जखमांवर ओतलेले तेल व द्राक्षारस, बांधलेल्या पट्ट्या, जखमीला वाहून नेणारे जनावर आणि उतारशाळेच्या मालकाला दिलेली दोन नाणी यांची मात्र नोंद आहे. शुश्रूषेला खर्च येतो, हे तेथे लपवलेले नाही. परिचारिकेच्या चरित्रात उकळलेली उपकरणे, तापाचे तक्ते, अडलेले बाळंतपण, चुकलेली उपासना आणि महिन्याचा पगार यांना अशीच जागा मिळाली, तर तिची भक्ती उणावणार नाही. ती कोणत्या श्रमांतून सिद्ध झाली, हे वाचकाला प्रथमच कळेल.