फ्रीझ-चेरी : न वाचलं जाणारं दहावं प्रकरण

एम.एस्सी.ला अभियांत्रिकी भूविज्ञान आणि भूजलशास्त्र घेतलं की एक पुस्तक हमखास समोर येतं. ॲलन फ्रीझ आणि जॉन चेरी यांचं ‘ग्राउंडवॉटर’. १९७९ सालचं, सहाशे पानांचं. आता ते इंटरनेटवर अधिकृतपणे मोफत मिळतं, त्यामुळे झेरॉक्सचाही खर्च नाही. पीएचडीची तयारी करणारे ज्युनियर विचारतात, ‘ताई, सगळं वाचायलाच हवं का?’ माझं उत्तर : सगळं नाही वाचलं तरी चालेल, पण आपण जे सोडतो ते आधी वाचा. आणि जे पाठ करतो त्याच्याकडे जरा संशयाने बघा.

आधी पुस्तकाचं मोठेपण. भूजल म्हणजे फक्त विहिरीला किती पाणी लागेल याचं गणित, ही समजूत हे पुस्तक मोडतं. डार्सीचा नियम, पाण्याचं रसायन आणि खडकांची रचना एकाच जिल्दीत येतात. दहाव्या प्रकरणात तर दरडी, धरणं, बोगदे आणि खोदकामं यांत भूजल काय करतं ते मांडलंय. म्हणजे आपल्या पदवीच्या नावातले दोन्ही विषय तिथे एकत्र भेटतात.

आणि नेमकं तेच प्रकरण आम्ही कोणी वाचलं नव्हतं. कारण साधं आहे. अभ्यासक्रमात दोन पेपर वेगळे. भूजलाच्या पेपरला आठवं प्रकरण, त्यातलं थाइसचं समीकरण. अभियांत्रिकीच्या पेपरला दुसरंच पुस्तक. दहावं प्रकरण कोणत्याच पेपरात बसत नाही.

तोटा किती होतो बघा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर मुसळधार पावसात डोंगर कोसळला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. दरड पावसात का येते, असं विचारलं तर एम.एस्सी. झालेले कितीतरी जण म्हणतात, ‘पाण्याने माती निसरडी होते.’ मीही हेच म्हणायचे. दहावं प्रकरण या प्रश्नाकडे दाबाच्या अंगाने बघायला लावतं. मूळ कल्पना टर्झागीची : मातीच्या कणांना एकमेकांवर दाबून धरणारा ताण म्हणजे एकूण ताण वजा छिद्रांतल्या पाण्याचा दाब. समजा, घसरण्याच्या पृष्ठावर लंब ताण १०० किलोपास्कल आहे, घर्षणकोन ३० अंश आणि चिकटपणा शून्य. पाण्याचा दाब शून्य असताना घर्षणाचा विरोध सुमारे ५८ किलोपास्कल. पाण्याचा दाब ४० झाला की तो ३५ वर येतो. माती तीच, कोन तोच, निसरडं काहीच झालेलं नाही. फक्त पाण्याने कणांवरचा भार आपल्या अंगावर घेतला. म्हणूनच उतारावर पीझोमीटर बसवायचा की नाही, हा प्रश्न ‘भूजलवाल्यांचा’ म्हणून सोडून देता येत नाही.

आता तक्रार. पुस्तक प्रामाणिक आहे, आठव्या प्रकरणात गृहीतकं स्पष्ट लिहिलेली आहेत : जलधर एकसारखा, आडवा, अमर्याद पसरलेला आणि विहिरीचा व्यास नगण्य. पण हे सगळं जितक्या सहज वाचून होतं तितक्याच सहज विसरलं जातं. माझ्या डेझर्टेशनला मी एका शेतातल्या सहा मीटर व्यासाच्या विहिरीवर पंपिंग टेस्ट केली आणि आकडे थेट थाइसच्या वक्रावर बसवले. वक्र छान जुळला. मी खूश. व्हायव्हात एकच प्रश्न आला : ‘पहिल्या तासात उपसलेलं पाणी कुठलं?’

हिशोब दोन ओळींचा होता. सहा मीटर व्यास म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर क्षेत्रफळ. पातळी एक मीटर उतरली तर २८,००० लिटर पाणी खुद्द विहिरीतलंच निघतं. पंप सेकंदाला ५ लिटर ओढत असेल तर त्याला दीड तास लागतो. १५ सेंटिमीटरच्या बोअरमध्ये एक मीटर म्हणजे जेमतेम १८ लिटर, चार सेकंदांचं काम. म्हणजे मी सुरुवातीला जलधर मोजतच नव्हते, हौद रिकामा करत होते. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्येच पद्धत दिली होती. ती मी शोधली नाही, कारण वक्र जुळल्यावर शोधायची गरजच वाटली नाही.

दुसरी तक्रार खडकाची. सहाशे पानांत आपल्यासारख्या कातळाच्या वाट्याला फार थोडी पानं येतात. स्नेक रिव्हरचा बेसॉल्ट भूशास्त्राच्या हिशोबात तरुण आहे. दख्खनचा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, त्यातले वायूचे पोकळ बुडबुडे बहुतेक झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेले. आपल्याकडे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या खडकाचा ताजा गाभा ड्रिलिंगमध्ये लांब लांब तुकड्यांत निघतो. आरक्यूडी उत्तम, पण खडक मऊ, काही वेळा उघड्यावर झिजणारा. काळ्या पाषाणाला सांधे जास्त, म्हणून आरक्यूडी कमी असू शकतो, पण तुकडा मात्र कणखर. आणि बोगद्यात पाणी येतं ते याच सांध्यांमधून. एकाच कोअर बॉक्समधला एकच सांधा एका पेपरात टक्केवारी कमी करतो आणि दुसऱ्या पेपरात पाण्याची वाट होतो. तो दोन्ही नजरांनी एकदम बघायला कोणतंही पुस्तक आयतं शिकवत नाही. फ्रीझ-चेरी निदान तिथवर आणून सोडतं.

म्हणून वाचनाचा क्रम बदला. दुसरं प्रकरण झालं की थेट दहावं, मग आठवं. आठवं वाचताना वहीच्या डाव्या पानावर गृहीतकं लिहा आणि उजव्या पानावर तुमच्या गावातली एखादी खरी विहीर : व्यास, खोली, कुठे काळा पाषाण, कुठे मुरूम. दोन्ही पानं जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. पीएचडीच्या मुलाखतीत ‘तुमचा संशोधन-प्रश्न काय?’ असं विचारतात ना, तो बहुतेक वेळा त्या खुणेपाशी सापडतो.

माझ्या डेझर्टेशनमधला तो वक्र अजून माझ्याकडे आहे. अगदी सुरेख जुळलेला, आणि चुकीचा.