संशोधनाची उघडी वही

ज्ञानाच्या व्यवहारांत विश्वासाला मोठें स्थान आहे. डॉक्टरांचें औषध आपण विश्वासानें घेतों, अर्थशास्त्रज्ञांचें अनुमान विश्वासानें ऐकतों. आणि अमुक गोष्ट मोठ्या शास्त्रीय नियतकालिकांत छापली आहे असें म्हटलें, कीं बहुतेक सुशिक्षित वाचकांची शंका मिटते. परंतु हा विश्वास कशावर ठेवावयाचा, नांवावर कीं पुराव्यावर, हा प्रश्न अलीकडे या नियतकालिकांपुढें उभा राहिला आहे. त्यास उत्तर म्हणून २०१५ सालीं 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकांत एक नियमावलि प्रसिद्ध झाली. संशोधनांतील पारदर्शकता व मोकळेपणा यांच्या प्रसारार्थ केलेले हे नियम त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टॉप' या नांवानें ओळखले जातात. त्यांचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे.

प्रश्न मुळीं नवा नाहीं. १६६० सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल सोसायटीनें, कोणाच्याहि शब्दावर विसंबूं नये, या अर्थाचें लॅटिन ब्रीद स्वीकारलें. आणि तिचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं १६६५ सालीं 'फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स' हें नियतकालिक सुरू केलें. पुढें शास्त्रांचा विस्तार झाला, प्रयोगवहीच्या जागीं संगणकांतील आंकड्यांचे डोंगर आले, आणि छापील निबंधांत निष्कर्षाचा सारांश तेवढा उरला. मानसशास्त्रांतील शंभर प्रयोग कांहीं संशोधकांनीं पुन्हां करून पाहिले, त्याचा वृत्तांतहि २०१५ सालींच प्रसिद्ध झाला. मूळ निबंधांपैकीं ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरलेला परिणाम सांगितला होता. पुनःप्रयोगांत तो अवघ्या ३६ टक्क्यांत आढळला. यावरून मूळ संशोधक लबाड होते, किंवा त्यांचे सारे निष्कर्ष खोटे होते, असें ठरत नाहीं. परंतु एकाच सामग्रीवर दहा तऱ्हांनीं गणित करावयाचें, जुळलें तें छापावयाचें आणि न जुळलें तें पेटींत ठेवावयाचें, या रूढीनें प्रामाणिक मनुष्यहि स्वतःस फसवितो, एवढें मात्र खास.

'टॉप' नियमांच्या मूळ आवृत्तींत आठ विषय होते. मूळ आंकडे, संगणकास दिलेल्या आज्ञावली, प्रयोगाचीं साधनें, अभ्यासाची पूर्वनोंदणी, पुनःप्रयोगांस स्थान, हे त्यांतील प्रमुख. प्रत्येक विषयाच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. आंकड्यांपुरतें पाहिलें, तर पहिल्या पायरीवर ते उपलब्ध आहेत कीं नाहींत, व असल्यास कोठें, एवढेंच लेखकानें सांगावयाचें. दुसरीवर ते विश्वसनीय संग्रहांत ठेवावयाचे. तिसरीवर निबंध छापण्यापूर्वींच तिऱ्हाइतानें त्या आंकड्यांवरून तेंच गणित करून पाहावयाचें. कोणती पायरी घ्यावी हें ज्यानें त्यानें ठरवावें. २०२५ सालीं नियमांची सुधारलेली आवृत्ति निघाली. परंतु पायऱ्यांची ही मूळ कल्पना तींतहि कायम आहे.

या नियमांची गरज किती होती, हें दोन उदाहरणांवरून दिसेल. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं असें मांडलें, कीं देशावरील सार्वजनिक कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलें म्हणजे आर्थिक वाढ सरासरीनें उणे ०.१ टक्क्यावर येते. सरकारी खर्च कापूं पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेंतील मुत्सद्द्यांनीं हा आधार आनंदानें उचलला. २०१३ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानें लेखकांकडून त्यांचें मूळ कोष्टक मागवून घेतलें. पाहतो तों, एका बेरजेंत पांच देश गळलेले! ही चूक, कांहीं वर्षांचे वगळलेले आंकडे आणि सरासरी काढण्याची रीति, या तिन्ही गोष्टी दुरुस्त करतां त्याला व त्याच्या अध्यापकांना तीच सरासरी २.२ टक्के आली. लेखकांनीं बेरजेची चूक मान्य केली, बाकीच्या आक्षेपांविषयीं वाद घातला. परंतु त्यांनीं कोष्टक दिलें म्हणूनच तो वाद होऊं शकला, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. करोनाच्या सांथींत, २२ मे २०२० रोजीं, 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकांत ९६,०३२ रुग्णांच्या आधारें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अपायकारक असल्याचा निबंध आला. जागतिक आरोग्य संघटनेनें त्या औषधाची चांचणी तत्काळ थांबविली. शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनीं जाहीर पत्र लिहून आंकडे मागितले. आणि ज्या सर्जिस्फिअर कंपनीकडे ते होते, तिनें स्वतंत्र तपासणीसाठीं देण्याचें नाकारलें. ४ जून रोजीं निबंध मागें घेण्यांत आला. तें औषध पुढें अन्य चांचण्यांत निरुपयोगीच ठरलें. परंतु न पाहिलेल्या पुराव्यावर जगांतील रुग्णांची चिकित्सा कांहीं दिवस हेलकावे खात राहिली, हा दोष त्यामुळें धुतला जात नाहीं.

आतां नियमांच्या गुणदोषांकडे वळूं. सर्व शास्त्रांना एकाच दावणीस न बांधतां पायरीपायरीनें चढण्याची सोय ठेवली, हा त्यांचा गुण. आणि आमच्या मतें दोषहि तोच. पहिल्या पायरीवर 'योग्य विनंती केल्यास आंकडे मिळतील' एवढें वाक्य लिहिलें कीं काम भागतें. या वाक्याचें मोल काय, तें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत दिसून आलें. असें आश्वासन देणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांस पत्रें पाठविलीं असतां, प्रत्यक्ष आंकडे १२२ जणांनींच दिले. ९३ टक्क्यांनीं नकार दिला किंवा उत्तरच दिलें नाहीं. सावकाराची वही 'मागितल्यास दाखवूं' या शब्दावर सोडून देणारा ऋणको आपण शहाणा म्हणूं काय? म्हणून दुसरी पायरी ही सर्व प्रतिष्ठित नियतकालिकांची किमान अट असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहींत. रुग्णाचें नांवगांव चव्हाट्यावर येऊं नये, हें रास्तच आहे. परंतु अशा प्रसंगीं कारण देऊन अपवाद मागतां येतो, व देखरेखीखालीं आंकडे दाखवितां येतात. वर्षानुवर्षें खपून जमविलेली सामग्री दुसऱ्यास आयती मिळते, ही तक्रारहि समजण्यासारखी आहे. म्हणूनच जो आंकडे वापरील त्यानें त्यांच्या कर्त्याचा निबंधाप्रमाणेंच उल्लेख करावा, असा दंडक या नियमांत आहे. आंकडे नीट लावून ठेवण्यास श्रम व पैसा लागतो, हा तिसरा आक्षेप मात्र खरा. तो भार विद्यापीठांनीं व सरकारनें उचलला पाहिजे.

हा विषय आपल्या घरचाहि आहे. येथें अध्यापकांची बढती निबंधांच्या संख्येशीं जोडली गेली, आणि मागणी तसा पुरवठा झाला. विद्यापीठांच्या शिफारशीनें अनुदान आयोगाच्या यादींत शिरलेलीं १,००९ नियतकालिकें पुणें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासलीं. त्यांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक हीन दर्जाचीं आढळलीं, असें त्यांनीं २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें दाखविलें. पुढें २०२४ सालीं केंद्र सरकारनें परदेशी नियतकालिकें विद्यार्थ्यांस वाचावयास मिळावीं म्हणून तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये मंजूर केले. योजना स्वागतार्ह आहे. परंतु वाचण्याची मोकळीक निराळी आणि पडताळण्याची निराळी. पहिली पैशानें विकत घेतां येते, दुसरी संपादकांनीं व संशोधकांनीं स्वतःच्या शिस्तीनें द्यावी लागते.

ती शिस्त आपल्यास परकी नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति पाहावी. संपादकांनीं स्वीकारलेला पाठ वर आहे, आणि अन्य हस्तलिखितांतील पाठभेद त्याच पानावर खालीं आहेत. संपादकांचा निर्णय ज्यास पटणार नाहीं, त्यानें त्यांच्याच पानावरून त्यांच्याशीं वाद घालावा! आमच्या वाचकांच्या घरोघरीं आज कोणी ना कोणी मुलगा वा मुलगी संशोधनाच्या मार्गास लागलेली आहे. तिचा निबंध कोठें छापला, हें कौतुकानें विचारावेंच. परंतु त्यामागील आंकडे कोठें ठेवले आहेत, हेंहि विचारण्याची संवय आपण लावून घेतली, तर संपादकांना पहिल्या पायरीवर फार दिवस बसून राहतां येणार नाहीं.