फोनवरचा आकडा किती खरा?

कल्पना करा, आपल्या वर्गात टाइप-१ मधुमेह असलेली एक मुलगी आहे. तिच्या दंडावर एक छोटा संवेदक चिकटवलेला आहे आणि दर पाच मिनिटांनी तो तिच्या स्मार्टफोनवर ग्लुकोजचा आकडा पाठवतो. खेळाच्या तासाला निघताना ती फोन दाखवते. आकडा असतो ९०. डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली धोका, एवढे आपल्याला ठाऊक असते. ९० म्हणजे ठीक, असे म्हणून आपण तिला मैदानावर पाठवतो. हा निर्णय बरोबर ठरेल का?

केवळ त्या आकड्यावरून याचे उत्तर देता येत नाही, आणि या सोयीबद्दल माझा मुख्य आक्षेप तोच आहे. सोय मोलाची आहे, यात वाद नाही. झोपलेल्या मुलाचे बोट रात्री-अपरात्री टोचावे लागणाऱ्या आईवडिलांनीच तिचा पाठपुरावा केला. २०१३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या अभियंत्याने आपल्या लहान मुलाच्या डेक्सकॉम जी-४ या उपकरणातील आकडे दूरवरून वाचण्याची युक्ती शोधली. त्या उपकरणाचा आकडे दाखवणारा संच चक्क तारेने जोडून त्यातील माहिती इंटरनेटवर पाठवली जाई. यातूनच पुढे ‘नाइटस्काउट’ हा पालकांचा खुला प्रकल्प उभा राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जी-५ या उपकरणाला मान्यता दिली आणि संवेदकाचे आकडे ब्लूटूथने थेट फोनवर येऊ लागले. जोडणीचा प्रश्न अशा रीतीने सुटला. आकडा कसा वाचावा हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मुळात हे मापन रक्तातले नाही. संवेदकाची बारीक तार रक्तवाहिनीत नसते. ती त्वचेखाली, पेशींच्या मधल्या जागेतील द्रवात असते. डेक्सकॉमच्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवलेले असते. त्याच्या मदतीने ग्लुकोजची ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि त्याचे ऑक्सिडीकरण होताना अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली मांडलेल्या विकर-विद्युताग्राच्या कल्पनेचे हे पुढचे रूप होय. प्रत्यक्ष मोजला जातो तो प्रवाह. ग्लुकोजचा आकडा हे त्यावरून काढलेले अनुमान असते.

रक्तातील बदल या द्रवात उमटायला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. आता आपल्या विद्यार्थिनीकडे पुन्हा वळू. तिची साखर मिनिटाला २ मिलिग्रॅम या वेगाने उतरत असेल आणि विलंब दहा मिनिटांचा असेल, तर फोनवर ९० दिसत असताना रक्तात ७० असू शकते. उपकरणातील गणित हा विलंब काही अंशी भरून काढते, पण त्याखेरीज मापनाची त्रुटी उरतेच. जी-५ आणि जी-६ यांच्या चाचण्यांत प्रयोगशाळेतील मापनापासूनचा सरासरी फरक सुमारे ९ टक्के होता. ९० चे ९ टक्के म्हणजे ८. सरासरी आहे, तेव्हा एखाद्या वेळी फरक याहून जास्तही पडणार. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत त्रुटी न लिहिता नुसते उत्तर लिहिले, तर आपण गुण कापतो. फोनच्या पडद्यावर मात्र नुसते ९० झळकते.

याच पडद्यावर एक गोष्ट मात्र उत्तम आहे. ती म्हणजे आकड्याशेजारचा बाण. साखर चढते आहे की उतरते आहे आणि किती वेगाने, हे तो सांगतो. खाली वळलेल्या बाणासह ९० आणि आडव्या बाणासह ९० या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीत मुलीला मैदानावर पाठवण्याआधी थांबायला हवे, बोट टोचून खात्री करायला हवी आणि गरजेप्रमाणे काही खायला द्यायला हवे. तिला थरथर सुटली असेल, घाम येत असेल, तर फोन काय म्हणतो याला महत्त्व नाही.

बिनतारी जोडणीने आणखी एक धोका आणला, तो शांततेचा. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते आणि आपले शरीर बहुतांशी पाण्याचेच आहे. फोन आणि संवेदक यांच्या मध्ये शरीर आले, की संदेश क्षीण होतो. पुढची साखळी तर याहून लांब आहे. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी डेक्सकॉमची पालकांच्या फोनवर आकडे पोचवणारी सेवा कोलमडली. रुग्णाच्या स्वतःच्या फोनवर आकडे दिसत होते, दूरच्या पालकांना ते मिळत नव्हते. फोन वाजला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजून काहीजण निर्धास्त झोपले. फोनमधील सेटिंगमुळे धोक्याच्या सूचना चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. जे उपकरण ‘मला सध्या माहीत नाही’ हे ठळकपणे सांगत नाही, त्याची रचना अपुरी आहे असेच म्हणावे लागेल.

शाळेपुरते दोन मुद्दे सुचवतो. वर्गात फोनला बंदी असेल, तर अशा मुलाचा फोन हा अपवाद मानावा. तो त्याच्या उपचाराचा भाग आहे. आणि विलंब म्हणजे काय हे मुलांना करून दाखवावे. प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला कापडाची जाड घडी गुंडाळा. दोन्ही एकदम कोमट पाण्यात बुडवा, दर पंधरा सेकंदांनी वाचन घ्या आणि आलेख काढा. पाणी एकच असूनही सुरुवातीला आकडे दोन येतील. मग विचारा, यातला खरा कोणता, आणि दुसरा खोटा आहे की फक्त उशिरा पोचणारा? ज्या मुलांना हे उमगेल, ती दंडावर संवेदक लावलेल्या मैत्रिणीचा फोन पाहताना आकड्याच्या आधी बाण पाहतील.