बातमीदार आणि अग्रलेखवाला : ख्वाजा अहमद अब्बास

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. उर्दू वाचणाऱ्याला मौलाना अल्ताफ हुसेन हाली आठवतात. मुसलमानांच्या पडझडीचा आरसा मुसलमानांपुढेच धरणारे ‘मुसद्दस’ लिहिले, ते हाली. त्यांच्याच घराण्यात, पानिपतमध्ये, १९१४ साली ख्वाजा अहमद अब्बास जन्मले. आम्हा मराठी मुसलमानांना ही दोन्ही पानिपते आपली वाटतात, म्हणून अब्बासांविषयी लिहिताना आम्हाला परक्या माणसाविषयी लिहितो आहोत असे वाटत नाही.

अलीगढला शिकून अब्बास मुंबईला आले आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये रुजू झाले. तिथे ते चित्रपटांवर लिहीत. त्यांचे ‘लास्ट पेज’ हे सदर तिथून १९४७ मध्ये ‘ब्लिट्झ’मध्ये गेले आणि १९८७ साली त्यांच्या निधनापर्यंत चालले. दुसऱ्यांच्या चित्रपटांचे माप काढणारा हा पत्रकार स्वतः पटकथा लिहू लागला. बॉम्बे टॉकीजने १९४१ साली पडद्यावर आणलेली त्यांची पहिली कथा, ‘नया संसार’, एका पत्रकाराचीच आहे. आपले वृत्तपत्र धनिकापुढे नमते घेते हे पाहून तो नोकरी सोडतो आणि स्वतःचे पत्र काढतो. दहा वर्षांनी, १९५१ मध्ये, अब्बासांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली, तिचे नावही ‘नया संसार’च. कथेतल्या नायकाने जे केले, तेच लेखकाने पुढे आयुष्यात केले.

अब्बासांविषयी एक मत आपल्याकडे रूढ आहे. राज कपूरसाठी लिहिले ते गाजले, स्वतः काढले ते पडले. कारण ते अखेरपर्यंत पत्रकारच राहिले, कलावंत झाले नाहीत. आम्हाला हे मत अर्धेच खरे वाटते. अब्बासांमध्ये एक नव्हे, दोन पत्रकार होते. एक बातमीदार, दुसरा अग्रलेखवाला. बातमीदाराने त्यांचा चित्रपट घडवला आणि अग्रलेखवाल्याने तो वेळोवेळी बिघडवला.

बातमीदाराचे काम पाहा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्या उपासमारीवर इप्टाच्या कलावंतांना घेऊन अब्बासांनी १९४६ मध्ये ‘धरती के लाल’ काढला. त्याच वर्षी त्यांच्या लेखणीतून उतरलेला, चेतन आनंद दिग्दर्शित ‘नीचा नगर’ कानच्या महोत्सवात सर्वोच्च सन्मान घेऊन आला. आणि त्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ केला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पाच डॉक्टर गेले, चार परतले. न परतलेल्या पाचव्याची हकीकत अब्बासांनी आधी पुस्तकात सांगितली होती, ती पडद्यावर आली. सोलापूरच्या डॉक्टरची कहाणी पानिपतच्या मुसलमानाने लिहावी आणि कोल्हापूरच्या शांतारामांनी ती पडद्यावर आणावी, यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. हे आज मुद्दाम सांगावे लागते, याचे आम्हाला वाईट वाटते.

१९६३ च्या ‘शहर और सपना’मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला राहायला जागा नाही, म्हणून ते पाण्याच्या मोठ्या पाइपात संसार मांडते. असा पाइप कल्पनेतून सुचत नाही, तो रस्त्यावर फिरणाऱ्या बातमीदाराला दिसतो. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पण याच चित्रपटात पाइप जे सांगून बसला आहे, ते माणसे पुन्हा बोलून दाखवू लागतात. तिथे अग्रलेखवाला आत शिरतो. प्रेक्षकाला कळले असेल यावर त्याचा विश्वास नाही.

राज कपूरच्या चित्रपटांत असे का झाले नाही? आमच्या मते तिथे अब्बासांच्या लेखणीला दुसरा हात होता. ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) यांच्या लेखनात व्ही. पी. साठे हे मराठी गृहस्थ त्यांच्याबरोबर होते. विचार गाण्यात, स्वप्नात, विनोदात विरघळवणारा दिग्दर्शक समोर होता. ‘आवारा’मधल्या न्यायाधीशाची समजूत अशी की भल्याच्या पोटी भला आणि चोराच्या पोटी चोरच जन्मतो. सारी कथा ही समजूत मोडण्यासाठी रचलेली आहे. तिच्यात मुसलमानाचा प्रश्न कुठेही नाही. तरीही १९९२-९३ नंतर नाव सांगताच ज्यांना घर नाकारले गेले, त्यांना हा चित्रपट आपला वाटतो. जन्मावरून माणूस ठरवणाऱ्या समाजावर अब्बासांनी भाषण न करता बोट ठेवले ते इथे.

दुसऱ्यांसाठी लिहून मिळालेला पैसा अब्बास स्वतःच्या चित्रपटांत घालत. त्यांतला ‘आसमान महल’ (१९६५) आमच्या वाचकांनी अवश्य पाहावा. साठच्या दशकात ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे महबूब’ अशा चित्रपटांनी मुसलमान म्हणजे झुंबरे, शेरवानी आणि शायरी असे चित्र ठसवले. आमच्या घरांत झुंबर कधी नव्हते. आम्ही बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार. आमच्या आया मराठीत रागवतात. अब्बासांनीही नवाबच घेतला, पण त्याचा दिमाख मिरवायला नव्हे. पृथ्वीराज कपूर यांनी रंगवलेला तो म्हातारा नवाब ढासळत्या महालाला कवटाळून बसलेला आहे. सरंजामशाही संपली हे आपल्या समाजाला सांगायला एक मुसलमान निर्माता पुढे आला. हालींचा आरसा इथे त्यांच्या हाती दिसतो. मात्र त्या महालाबाहेरचा कष्टकरी मुसलमान त्यांच्या चित्रपटांत क्वचितच केंद्रस्थानी आला, ही आमची त्यांच्याविषयीची तक्रार आहे.

गोवामुक्तीवरचा ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) हा पात्रयोजनेचा वेगळाच प्रयोग. मराठी पोवाडेवाला जलाल आगा, हिंदुत्ववादी हिंदू अन्वर अली आणि मुसलमान शायर नवखा अमिताभ बच्चन. एकाने दुसऱ्याचे सोंग घेतले तर दुसरा थोडा कळेल, ही कल्पना फार मोलाची. पण पात्रे माणसे कमी आणि प्रांतांचे प्रतिनिधी जास्त होतात. अग्रलेखवाला इथेही आडवा येतो.

तरी त्या अग्रलेखवाल्याचे एक ऋण मान्य केले पाहिजे. चार महानगरांतली श्रीमंती आणि दैन्य शेजारी ठेवणारा ‘चार शहर एक कहानी’ हा माहितीपट सेन्सॉरने अडवला, तेव्हा अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने काटछाट न करता प्रमाणपत्र देऊ केले, तरी ते थांबले नाहीत. प्रश्न आपल्या एका चित्रपटाचा नाही, पूर्वपरीक्षणाच्या तत्त्वाचा आहे, असे म्हणून ते भांडत राहिले. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले. अब्बास हरले. पण त्यामुळे कलेला कोणत्या कसोट्या लावायच्या, याचा विचार न्यायालयाला करावा लागला.

आमच्या लेखकांवर ‘प्रचारकी’ हा शिक्का सहज मारला जातो. त्यातले बरेचजण शिक्षक आहेत, पत्रकार आहेत. सांगण्यासारखे साचलेले आहे आणि ऐकणारे थोडे. म्हणून आवाज चढतो. अब्बासांच्या कारकिर्दीतून आम्ही इतके शिकतो की विषयाची तळमळ हा दोष नव्हे. पाइपात राहणारे जोडपे ज्याला दिसते त्याने ते दाखवावे, मग गप्प बसावे. जे दिसले ते सांगण्याचे धैर्य अब्बासांकडून घ्यावे. गप्प बसणे त्यांना जमले नाही, ते आपले आपण शिकावे.